कापूस, भरणी आणि वायदे : मुंबईतील शेअरवेडाचा धडा (१८६१–१८६५)

भांडवल बाजारातील रोख्यांचे धोके अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत निरनिराळ्या शीर्षकांखाली मांडले जातात : भाव पडण्याचा धोका, समोरच्याने देणे बुडवण्याचा धोका आणि विकायला काढल्यावर गिऱ्हाईकच न मिळण्याचा धोका. १८६१ ते १८६५ या काळातील मुंबईत मात्र हे तिन्ही धोके एकाच कागदात गुंतलेले होते, आणि शहराची जी वाताहत झाली तिचे मूळ कापसाच्या पडलेल्या भावापेक्षा या गुंत्यातच अधिक होते.

मुंबईतील शेअरांचा व्यवहार या वेडाच्या आधीपासून चालू होता. १८५०च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली मूठभर दलाल जमत आणि प्रामुख्याने बँकांच्या शेअरांची खरेदी-विक्री करत. शेअर म्हणजे कंपनीच्या भांडवलातील भाग. तो घेणारा नफ्याचा वाटेकरी होतो, पण कर्जरोख्याप्रमाणे ठरलेल्या व्याजाचे वा मुद्दल परत मिळण्याचे वचन त्याला मिळत नाही. १८५७च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या कंपन्या काढण्याची सोय झाली आणि १८६०मध्ये ती बँकांनाही लागू झाली. कंपनी बुडाली तरी भागधारकाने आपल्या शेअरची रक्कम पूर्ण भरली की त्याची जबाबदारी संपते, असा या तरतुदीचा अर्थ होता. तथापि अनेक कंपन्या ही रक्कम एकदम न घेता हप्त्याहप्त्याने मागत, त्यामुळे अर्धवट भरलेला शेअर ही मालमत्ता असतानाच पुढचे देणेही असे.

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसावाचून गत्यंतर उरले नाही. भाव कित्येक पटींनी चढले आणि युद्धकाळात मुंबईकडे सुमारे ८ कोटी पौंडांची जादा संपत्ती वाहत आली, असा अंदाज शहराच्या इतिहासांत नोंदवला जातो. हा पैसा गुंतवायला तेवढ्या प्रमाणात उद्योग उपलब्ध नव्हते. त्यामुळे बँका, शेअरांवर कर्जे देणाऱ्या वित्तसंस्था आणि समुद्रात भरणी करून जमीन काढणाऱ्या कंपन्या एकामागून एक उभ्या राहिल्या. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा बोलबाला सर्वांत मोठा होता. तिच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत गेला, म्हणजे जी जमीन अद्याप पाण्याखाली होती तिच्या भावी उत्पन्नाची किंमत बाजाराने आगाऊ वसूल करून टाकली.

या चढाईला इंधन पुरवले ते बँकांच्या कर्जाने. १८४०मध्ये स्थापन झालेल्या आणि सरकारचाही भांडवली वाटा असलेल्या बँक ऑफ बॉम्बेवर तारणाबाबत पूर्वी कडक बंधने होती, पण १८६३च्या कायद्याने ती सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. कापसाचे व्यापारी व शेअरबाजारातील त्या काळचे सर्वांत वजनदार पुरुष प्रेमचंद रायचंद यांचा या बँकेच्या कर्जवाटपावर मोठा प्रभाव होता. भाव चढला की तारणाची किंमत वाढे, तारण वाढले की कर्ज वाढे आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात. ज्या तारणाने बँकेचे रक्षण करायचे तेच बँकेच्या पैशाने फुगवलेले असल्यामुळे, भाव उलटताच बँकेचे आणि कर्जदाराचे नुकसान एकाच वेळी होणार हे ठरलेले होते.

त्यावर मुदतीच्या वायद्यांची भर पडली. वायद्यात भाव आज ठरतो, पण पैसे व शेअर यांची देवघेव ठरलेल्या तारखेला होते. समजा, एखाद्याने ४०,००० रुपये भावाने १० शेअरांचा वायदा केला, तर त्या दिवशी त्याला मोठी रक्कम मोजावी लागत नसे. मात्र मुदतीच्या दिवशी भाव ३०,००० असला, तर त्याच्या डोक्यावर १ लाख रुपयांचा तोटा पडे. हा तोटा भरण्यासाठी तो स्वतःच्या दुसऱ्या वायद्यातील येण्यावर विसंबून असे आणि त्याचा देणेकरी तिसऱ्याकडे डोळे लावून बसलेला असे. असे असंख्य वायदे १ जुलै १८६५ या एकाच दिवशी पुरे व्हायचे होते. त्याआधी एप्रिलमध्ये अमेरिकेतील दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली; ती वार्ता येताच कापूस गडगडला आणि मुदतीचा दिवस उजाडला तेव्हा कागदोपत्री लखपती असलेल्यांना देणी भागवता येईनात. एकाचे दिवाळे निघताच त्याच्या येण्यावर अवलंबून असलेला दुसराही बसला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला, आणि १८६८मध्ये बँक गुंडाळून तिच्या जागी नवी बँक काढावी लागली.

दलालांनी पुढे आपला व्यवहार नियमबद्ध केला. १८७५मध्ये स्थापन झालेली त्यांची संघटना म्हणजेच आजच्या मुंबई शेअर बाजाराचे मूळ होय. सभासदत्व, नियम आणि शिस्तभंगाची कारवाई यांमुळे समोरचा दलाल शब्द पाळील की नाही, या धोक्याला आळा घालण्याचा मार्ग सापडला. कर्जाने फुगलेल्या तारणाचा धोका मात्र बाजाराच्या नियमांत मावणारा नव्हता. तो बँकेच्या दारातच अडवावा लागतो. १९९२च्या रोखे घोटाळ्यात बँकांचा पैसा पुन्हा शेअरांकडे वळलेला दिसला, तेव्हा १८६५चा हा अर्धा धडा शिकायचा राहूनच गेला होता, हे स्पष्ट झाले.