खाण कामगारांचा नेता, मग खाण कंपनीचा भागीदार आणि आता राष्ट्राध्यक्ष: कोण आहेत सिरिल रामाफोसा?

११ फेब्रुवारी १९९०. २७ वर्षांचा तुरुंगवास संपवून नेल्सन मंडेला बाहेर आले आणि त्याच संध्याकाळी केपटाऊनच्या सिटी हॉलमधून लोकांसमोर बोलले. त्या भाषणाचे व्हिडिओ आजही सोशल मीडियावर फिरतात. नीट पाहिलं तर मंडेलांसमोर माईक धरून उभा असलेला एक माणूस दिसतो. तो खाण कामगारांच्या सर्वांत मोठ्या युनियनचा सरचिटणीस होता. नाव सिरिल रामाफोसा.

पुढे हाच माणूस देशातल्या सर्वांत श्रीमंत राजकारण्यांपैकी एक झाला आणि २०१८ पासून तो दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष आहे. पण या प्रवासात एक दिवस असा आला, ज्याबद्दल त्यांना आजही प्रश्न विचारले जातात. तो दिवस समजून घ्यायचा तर सुरुवातीपासून बघावं लागेल.

पोलिसाचा मुलगा, १७ महिने कोठडीत

रामाफोसांचा जन्म १७ नोव्हेंबर १९५२ चा, जोहान्सबर्गचा. कुटुंब व्हेंडा समाजाचं, वडील पोलिसात. बालपण गेलं सोवेटोत, म्हणजे वर्णभेदी सरकारने कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्तीत.

१९७२ मध्ये कायदा शिकायला विद्यापीठात गेले आणि विद्यार्थी चळवळीत ओढले गेले. शेजारच्या मोझांबिकमधल्या स्वातंत्र्यलढ्याला पाठिंबा देणारी सभा घेतली म्हणून १९७४ मध्ये अटक झाली. ११ महिने कोठडी. १९७६ च्या सोवेटो उठावानंतर पुन्हा अटक, आणखी सहा महिने. कायद्याची पदवी त्यांनी शेवटी १९८१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या विद्यापीठातून पूर्ण केली.

२९ व्या वर्षी युनियनचे सरचिटणीस

१९८२ मध्ये ‘नॅशनल युनियन ऑफ माइनवर्कर्स’ ही खाण कामगारांची युनियन स्थापन झाली आणि रामाफोसा तिचे पहिले सरचिटणीस झाले. गंमत म्हणजे ते स्वतः खाण कामगार नव्हते. कामगार संघटनांसाठी कायद्याचं काम करता करता ते इथे पोहोचले होते.

त्या काळी दक्षिण आफ्रिकेची अर्थव्यवस्था सोन्यावर चालायची आणि सोनं काढणारे हात कृष्णवर्णीयांचे होते. गावाकडून आलेले हे कामगार कंपनीच्या वसतिगृहात दाटीवाटीने राहायचे. काम जीवघेणं आणि पगार गोऱ्या कामगारांच्या तुलनेत अगदी तुटपुंजा. काही हजार सदस्यांची ही युनियन दहा वर्षांत तीन लाखांवर गेली.

ऑगस्ट १९८७ मध्ये युनियनने ३० टक्के पगारवाढीसाठी संप पुकारला. लाखो कामगार तीन आठवडे खाणीत उतरले नाहीत. मालकांनी हजारोंना कामावरून काढलं आणि युनियनला मागणी मान्य न होताच माघार घ्यावी लागली. पण संप हरूनही रामाफोसांचं नाव देशभर झालं. समोरच्याला न दुखावता, पण मुद्दा न सोडता बोलणी करणारा माणूस, ही त्यांची ओळख इथे पक्की झाली.

गळ, बोट आणि राज्यघटना

१९९१ मध्ये ते आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, म्हणजे मंडेलांच्या पक्षाचे सरचिटणीस झाले. गोऱ्या सरकारशी सत्तांतराच्या वाटाघाटी सुरू होत्या. सरकारकडून बोलत होते रोएल्फ मेयर.

या दोघांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका फार्मवर मासेमारीला गेलेले असताना मेयर यांच्या बोटात गळ रुतला आणि तो रामाफोसांनी पकडीने उपसून काढला. पुढे १९९२ मध्ये बोइपाटाँगच्या हत्याकांडानंतर अधिकृत बोलणी तुटली, तेव्हा या दोघांनी संपर्क तुटू दिला नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये दोन्ही बाजूंत समझोता झाला आणि १९९४ च्या पहिल्या खुल्या निवडणुकीचा रस्ता मोकळा झाला.

निवडणुकीनंतर रामाफोसा घटना समितीचे अध्यक्ष झाले. ८ मे १९९६ ला नवी राज्यघटना मंजूर झाली. मंडेलांनंतर कोण, या प्रश्नावर मात्र पक्षाने कौल दिला थाबो म्बेकींना. रामाफोसांनी संसद सोडली.

राजकारणातून थेट धंद्यात

राज्य बदललं होतं, पण बँका, खाणी, कारखाने गोऱ्यांकडेच होते. म्हणून ‘ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंट’ हे धोरण आलं. साध्या भाषेत सांगायचं तर मोठ्या कंपन्यांनी कृष्णवर्णीयांना मालकीत वाटा द्यायचा. कंपन्यांना असे भागीदार हवे होते ज्यांचं नाव मोठं आहे आणि सत्तेत ज्यांची ओळख आहे. रामाफोसांकडे दोन्ही होतं.

२००१ मध्ये त्यांनी ‘शांडुका’ ही गुंतवणूक कंपनी काढली. खाणी, ऊर्जा, बँकिंग, दूरसंचार अशा अनेक क्षेत्रांत पैसा लावला. एमटीएन या बड्या मोबाइल कंपनीचे ते अध्यक्ष होते. २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅकडोनाल्ड्सचे हक्क घेतले. फोर्ब्सच्या अंदाजानुसार त्यांची संपत्ती ४५ कोटी डॉलरच्या घरात गेली.

टीका अशी, की या धोरणाने मोजके नेते कोट्यधीश झाले आणि सोवेटोतला सामान्य माणूस होता तिथेच राहिला. २०१२ मध्ये रामाफोसांनी एका लिलावात एका म्हशीवर जवळपास दोन कोटी रँडची बोली लावली, तेव्हा ही टीका आणखी धारदार झाली. बोली त्यांना लागली नाही, पण माफी मात्र मागावी लागली.

१६ ऑगस्ट २०१२: मारिकाना

आता तो दिवस. मारिकाना इथे त्या वेळी लॉनमिन कंपनीची प्लॅटिनमची खाण होती. तिथल्या ड्रिलिंग कामगारांनी महिना साडेबारा हजार रँड पगारासाठी संप केला होता. जुन्या युनियनवरचा, म्हणजे रामाफोसांनीच उभ्या केलेल्या युनियनवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. हिंसाचारात पोलीस आणि सुरक्षारक्षकांसह दहा जण आधीच मेले होते.

१६ ऑगस्टला पोलिसांनी गोळीबार केला. ३४ कामगार ठार झाले. वर्णभेद संपल्यानंतरची पोलिसांच्या हातून घडलेली ही सर्वांत भीषण घटना.

रामाफोसा त्या वेळी लॉनमिनचे संचालक होते आणि शांडुकाचा कंपनीत वाटा होता. आदल्या दिवशी त्यांनी पाठवलेला ईमेल नंतर उघड झाला. हा कामगारांचा वाद नसून गुन्हेगारी आहे आणि कारवाईही तशीच व्हावी, असा त्याचा सूर होता. २०१५ मध्ये चौकशी आयोगाने हत्याकांडाचा ठपका त्यांच्यावर ठेवला नाही. २०१७ मध्ये त्यांनी ईमेलमधल्या भाषेबद्दल माफी मागितली. पण कधीकाळी संपकऱ्यांच्या बाजूने बसणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडे होता, हे चित्र लोकांच्या मनातून गेलं नाही.

झुमा गेले, रामाफोसा आले

डिसेंबर २०१२ मध्ये ते पक्षाचे उपाध्यक्ष आणि २०१४ मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. अध्यक्ष होते जेकब झुमा. मूळच्या उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरच्या गुप्ता बंधूंनी सरकार खिशात घातल्याचे आरोप याच काळातले. ‘तेव्हा तुम्ही गप्प का होतात?’ हा प्रश्न रामाफोसांना पुढे चौकशी आयोगासमोरही झेलावा लागला.

डिसेंबर २०१७ मध्ये ते फक्त १७९ मतांनी पक्षाध्यक्षपद जिंकले. झुमांनी राजीनामा दिला आणि १५ फेब्रुवारी २०१८ ला रामाफोसा राष्ट्राध्यक्ष झाले. २०१९ मध्ये ते दिल्लीत आपल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणेही होते.

सोफ्यातले डॉलर आणि गेलेलं बहुमत

भ्रष्टाचार संपवण्याचं आश्वासन देऊन आलेल्या नेत्यावरच २०२२ मध्ये बॉम्ब पडला. त्यांच्या फाला फाला फार्मवर सोफ्यात ठेवलेले डॉलर २०२० मध्ये चोरीला गेले आणि प्रकरण दाबलं गेलं, असा आरोप झाला. रामाफोसांच्या म्हणण्यानुसार रक्कम ५ लाख ८० हजार डॉलर होती आणि ती म्हशींच्या विक्रीतून आली होती. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने महाभियोगाची प्रक्रिया २१४ विरुद्ध १४८ मतांनी रोखली. २०२४ मध्ये सरकारी वकिलांनीही खटला न चालवण्याचा निर्णय घेतला.

पण मतदार नाराज होते. तासन् तासांचं भारनियमन आणि ३० टक्क्यांवरची बेरोजगारी यांनी लोक कंटाळले होते. २९ मे २०२४ च्या निवडणुकीत पक्ष ४० टक्क्यांवर आला. ३० वर्षांत पहिल्यांदाच बहुमत गेलं.

मग रामाफोसांनी तेच केलं जे त्यांना सर्वांत चांगलं जमतं. ते बोलणी करायला बसले. कट्टर विरोधक असलेल्या डेमोक्रॅटिक अलायन्सला सोबत घेऊन सरकार बनवलं आणि १४ जूनला पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले.

राज्यघटनेनुसार त्यांना तिसरा कार्यकाळ मिळू शकत नाही. ती लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. समझोता घडवण्यात त्यांचा हात धरणारा नेता देशात क्वचितच सापडेल. पण ज्या खाण कामगारांच्या जोरावर ते मोठे झाले, त्यांच्यासाठी हिशेब अजून मारिकानाच्या त्या दुपारपाशीच अडलेला आहे.