किल्ल्यापासून कारखान्यापर्यंत : नोवा हुता आणि नागापूर

१/
अहिल्यानगरला, म्हणजे परवापर्यंतच्या अहमदनगरला, इतिहास पाहायला आलेल्या प्रवाशाचा मार्ग ठरलेला असतो. भुईकोट किल्ला, फराहबाग, चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर आणि रणगाडा संग्रहालय. मनमाड रस्त्याने सीना नदी ओलांडून नागापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे सहसा कोणी वळत नाही. कारखाने, सरळ रस्ते, पत्र्याच्या शेड. तिथे इतिहास तो कसला? पोलंडमधल्या एका वसाहतीलाही हाच प्रश्न विचारला जात असे. आज त्या वसाहतीत मार्गदर्शकासह पायी फिरायला जगभरातून लोक येतात.

२/
पोलंड महाराष्ट्राला परका नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रय मिळाला होता. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे ती वसाहत नांदली. युद्ध संपले, पण मायदेशी साम्यवादी राजवट आली होती, आणि वळिवड्यातल्या अनेकांनी परत जाणे टाळले. ते ज्या पोलंडला परतले नाहीत, त्या पोलंडने वळिवडे रिकामे झाल्यावर अवघ्या वर्षभरात एक नवे शहर बांधायला घेतले. त्याचे नाव नोवा हुता, अर्थात ‘नवा पोलाद कारखाना’.

३/
क्राकोव्ह ही पोलंडची जुनी राजधानी. तिथे राजवाडा आहे, कॅथेड्रल आहे, शतकानुशतके चालत आलेले विद्यापीठ आहे. या शहराचा जुना भाग १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आला. त्याच शहराच्या पूर्वेला सुमारे १० किलोमीटरवर, मोगिवा आणि आसपासच्या खेड्यांच्या सुपीक जमिनीवर १९४९ मध्ये नोवा हुताची पहिली इमारत उभी राहू लागली. कारखान्याचा आराखडा आणि यंत्रसामग्री सोव्हिएत संघाची होती. पाणी, रेल्वे आणि मनुष्यबळ ही जागेच्या निवडीची व्यावहारिक कारणे. नव्या राजवटीकडे संशयाने पाहणाऱ्या क्राकोव्हच्या शेजारी कामगारांचे नवे शहर वसवावे, हा राजकीय हेतूही त्यामागे होता असे मानले जाते.

४/
ताडेउश पटाशित्स्की या वास्तुरचनाकाराच्या नेतृत्वाखाली सुमारे १ लाख लोकांसाठी हे शहर आखले गेले. मध्यवर्ती चौकातून पंख्याच्या काड्यांसारखे रुंद मार्ग निघतात. प्रत्येक वस्तीत घरांबरोबर शाळा, पाळणाघर, दुकाने आणि अंगणे. गंमत अशी की समाजवादी म्हणवणाऱ्या या इमारतींच्या कमानी आणि कठडे पोलिश व इटालियन रेनेसाँच्या वळणाचे आहेत. कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळच्या कार्यालयांना तर लोक थट्टेने ‘डोजचा राजवाडा’ म्हणत. डोज म्हणजे व्हेनिसचा शासक. कामगारासाठी राजवाडा बांधण्याची प्रतिज्ञा तिथे शब्दशः दगडात उतरली होती.

५/
हे शहर बांधले खेड्यांतून आलेल्या तरुणांनी. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा विजेचा दिवा आणि नळाचे पाणी तिथे पाहिले. त्याआधी मात्र त्यांना बराकीत, चिखलात आणि थंडीत दिवस काढावे लागले. एका पाळीत विक्रमी विटा रचणाऱ्या गवंड्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकत. अशाच एका गवंड्याच्या उदयास्ताची कथा आंद्रे वायदा यांनी १९७७ च्या ‘संगमरवरी माणूस’ या चित्रपटात सांगितली. पहिली झोतभट्टी १९५४ मध्ये पेटली. कारखान्याला लेनिनचे नाव मिळाले आणि सत्तरच्या दशकात तिथे तीस हजारांहून अधिक माणसे काम करीत होती.

६/
आराखड्यात एक गोष्ट नव्हती : चर्च. येणारा कामगार श्रद्धाळू कॅथलिक होता आणि त्याच्या नव्या शहरात प्रार्थनेला जागा नव्हती. १९५७ मध्ये कशीबशी परवानगी मिळाली आणि ठरलेल्या जागी लाकडी क्रूस उभा राहिला. नंतर शासनाने विचार बदलला. तिथे शाळा बांधायचे ठरवून २७ एप्रिल १९६० रोजी क्रूस काढायला माणसे पाठवली. शेजारच्या वस्तीतल्या स्त्रिया आडव्या आल्या. पुरुष पाळी संपवून आले आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर दंगल पेटली. क्रूस मात्र हलला नाही.

७/
अखेर १९६७ मध्ये जवळच्याच एका भागात चर्चचे काम सुरू झाले. लोकांनी नदीतले गोटे गोळा करून आणले आणि ते भिंतींवर बसवले. दहा वर्षांनी, १५ मे १९७७ रोजी, कार्डिनल कारोल वोयतिवा यांनी त्या चर्चचे उद्घाटन केले. पुढच्याच वर्षी ते पोप जॉन पॉल दुसरे झाले. १९८२ मध्ये लष्करी कायद्याच्या काळात याच चर्चजवळ बोगदान व्ववोशिक हा वीस वर्षांचा कामगार गुप्त पोलिसाच्या गोळीने मरण पावला. राजवटीने जे शहर आपला आदर्श म्हणून बांधले, तेच तिच्या विरोधाचे केंद्र झाले.

८/
म्हणूनच नोवा हुताची पदयात्रा चौकाच्या सौंदर्यापाशी थांबत नाही. मार्गदर्शक मंडळींना गुलाबांच्या मार्गावर आणतो आणि तिथली मोकळी जागा दाखवतो. १९७३ मध्ये तिथे लेनिनचा भव्य पुतळा बसवला गेला. १९७९ मध्ये बॉम्बस्फोटाने त्याच्या टाचेचा तुकडा उडाला, १९८९ च्या डिसेंबरात तो हलवण्यात आला आणि पुढे स्वीडनमधल्या एका करमणूक उद्यानाच्या मालकाने विकत घेतला. मध्यवर्ती चौकाला २००४ मध्ये रोनाल्ड रीगन यांचे नाव जोडले गेले. वास्तू तीच राहिली आणि नावे बदलत गेली; चालताना हा बदल पायाखाली जाणवतो.

९/
१९८९ नंतरची वर्षे कठीण होती. नोकऱ्या गेल्या आणि ‘नोवा हुताचा’ ही ओळख सांगायला लोक कचरू लागले. या शतकाच्या सुरुवातीला हळूहळू चित्र पालटले. पूर्व जर्मनीच्या जुन्या ट्राबांट मोटारीतून ‘साम्यवादाची सफर’ घडवणारे व्यावसायिक आले. दुसरीकडे संग्रहालयाने आणि स्थानिक रहिवाशांनी वेगळ्या पदयात्रा सुरू केल्या. त्यांत अणुयुद्धाच्या भीतीने बांधलेले बंकर, वस्त्यांची अंगणे, क्रूसची जागा आणि बंद पडत चाललेला कारखाना होता. जानेवारी २०२३ मध्ये पोलंडने नोवा हुताच्या नगररचनेला ‘ऐतिहासिक स्मारक’ हा राष्ट्रीय दर्जा दिला.

१०/
या दोन प्रकारच्या सफरींत मोठा फरक आहे. पहिलीत भूतकाळ विनोदासारखा वाटतो : जुनी मोटार, जुने फर्निचर, घोटभर व्होडका. दुसरीत तिथे जगलेली माणसे बोलतात. त्यांना राजवटीचा जाच आठवतो आणि पहिल्या पक्क्या घराचा आनंदही आठवतो. यांपैकी एकच बाजू सांगणारा मार्गदर्शक खोटे बोलत नसला तरी अर्धेच सांगत असतो. नियोजित वस्तीचा इतिहास नीट सांगायचा तर आराखडा काय म्हणत होता आणि माणसांनी त्या आराखड्याचे काय केले, ही दोन्ही उत्तरे द्यावी लागतात.

११/
आता नागापूर. त्याची कथा तिथून काही किलोमीटरवरच्या भुईकोट किल्ल्यात सुरू करता येते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव ही त्यांतली काही नावे. १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी इथेच ‘भारताचा शोध’ लिहून काढला. प्राचीन संस्कृतीचा ग्रंथ म्हणून तो लक्षात राहिला, पण त्यात राष्ट्रीय नियोजन समितीचाही विवेचक वृत्तांत आहे. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी काँग्रेस अध्यक्ष असताना ती समिती नेमली आणि नेहरू तिचे अध्यक्ष झाले.

१२/
म्हणजे स्वतंत्र भारतात कारखाने कोणी काढावेत, कुठे काढावेत, जमीन आणि वीज कोणाच्या हाती असावी, या प्रश्नांवरचे चिंतन नगरच्या कैदेतही चालू होते. त्याच १९४४ साली बाहेर टाटा, बिर्ला आदी उद्योगपतींनी ‘मुंबई योजना’ मांडली आणि तीही शासनाच्या मोठ्या सहभागाची भाषा बोलत होती. १९५१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना आली. १९५५ मध्ये आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने ‘समाजवादी धर्तीच्या समाजरचने’चा ठराव केला. १९५६ च्या दुसऱ्या योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला. पोलंडची सहा वर्षांची योजना याच दशकातली.

१३/
नगर जिल्ह्याने या विचाराला स्वतःचे उत्तरही दिले. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पिकत होता, पण साखरेचा नफा खासगी कंपन्यांकडे जाई. विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५० मध्ये लोणीजवळ सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. सरकारी कारखाना आणि खासगी कारखाना यांमधली ही तिसरी वाट होती. कारखान्याभोवती प्रवरानगर वसले, आणि गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

१४/
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६१ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, स्थापन झाली. पद्धत अशी : शासनाने जमीन संपादित करायची, रस्ते, पाणी, वीज द्यायची, भूखंड पाडायचे आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने उद्योजकांना द्यायचे. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्याबाहेर उद्योग नेणे हा त्यामागचा मोठा हेतू. नागापूरची वसाहत याच साच्यातली आहे. जमिनीची आखणी शासनाची, तर यंत्र आणि नफा खासगी. मिश्र अर्थव्यवस्था म्हणतात ती इथे प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते.

१५/
नोवा हुता आणि नागापूर यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. तिथे एकपक्षीय सत्ता होती. इथे निवडणुका, न्यायालये, संप आणि वर्तमानपत्रे होती. तिथे शासनाने कामगाराचे घर, शाळा आणि चौकही आखला. इथे कारखान्याचा भूखंड आखला गेला आणि कामगाराच्या घराचा प्रश्न बहुतांशी त्याच्यावरच सोडला गेला. तिथे आराखड्यातून चर्च वगळले गेले, इथे आराखड्यातून घर. म्हणून नोवा हुताच्या पदयात्रेत चौक पाहायचा असतो, तर नागापुरात भूखंडांच्या बाहेर काय वाढले ते पाहायचे असते.

१६/
अशी पदयात्रा सीनेच्या पुलापासून काढता येईल. आधी नागापूरचे जुने गावठाण : वळणावळणाच्या गल्ल्या, मंदिर, एकमेकांना लागून असलेली घरे. मग औद्योगिक वसाहत : सरळ रस्ते, आणि पत्त्याच्या जागी अक्षर व आकडा. या दोन भूमितींच्या सांध्यावर इतिहास उभा आहे. तिथेच भाड्याच्या खोल्या, खानावळी, चहाच्या टपऱ्या आणि पाळी सुटण्याच्या वेळेची गर्दी. आराखड्याने जे दिले नाही, ते माणसांनी इथे स्वतः उभे केले.

१७/
प्रवेशद्वारांवरच्या पाट्याही वाचाव्यात. नोवा हुताचा लेनिन कारखाना २००४ मध्ये राजस्थानात जन्मलेल्या लक्ष्मी मित्तल यांच्या उद्योगसमूहाकडे गेला आणि २०२० मध्ये तिथली झोतभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच २०२० मध्ये लार्सन अँड टुब्रोचा विद्युत उपकरणांचा व्यवसाय नगरच्या कारखान्यासह फ्रान्सच्या श्नायडर इलेक्ट्रिकने घेतला. २०२४ पासून त्यावर लॉरिट्झ नूडसन हे नाव आहे. पोलंडच्या समाजवादी कारखान्याला भारतीय वंशाचा मालक मिळाला, नगरच्या कारखान्याला फ्रेंच. एका पाटीत जागतिकीकरणाचा एक धडा मावतो.

१८/
या सगळ्याची निकड अशी की किल्ला थांबून राहील, पण माणसे थांबणार नाहीत. एमआयडीसीच्या पहिल्या पिढीचे कामगार आता वृद्ध झाले आहेत. आपल्या शेताचे भूखंड होताना पाहिलेली माणसे तर त्याहून वयस्क. जमिनीचे किती पैसे मिळाले, पहिली पाळी कोणी केली, पहिल्या पगारातून काय आले, संपात चूल कशी पेटली, कारखाना बंद पडल्यावर कोण कुठे गेले, यांची उत्तरे कोणत्याही शिलालेखात नाहीत. नोवा हुतात ती उत्तरे आठवणीतून वहीत आणि वहीतून पदयात्रेत आली, म्हणून ती वाचली.

१९/
नगरच्या किल्ल्यात १९४४ साली एका कैद्याने देशाच्या भविष्याचा विचार लिहून काढला. ते भविष्य प्रत्यक्षात कसे उतरले, त्यात काय साधले आणि कोणाच्या वाट्याला काय आले, याचा एक पुरावा सीनेपलीकडे उभा आहे. अंतर फार नाही. किल्ला पाहून झाल्यावर एखादी सकाळ नागापूरसाठी राखून ठेवावी, वही बरोबर घ्यावी आणि टपरीवर बसलेल्या एखाद्या निवृत्त कामगाराला ‘काका, तुम्ही कोणत्या साली लागलात?’ असे विचारावे. पदयात्रा तिथूनच सुरू होईल.