दाढ दुखायची थांबते तेव्हा

१८९० सालचा ऑगस्ट. तुम्ही बैलगाडीतून धरणगावात उतरता. ताप्ती व्हॅली रेल्वे अजून व्हायचीय. गावात ठोमऱ्यांकडे मुलगा झालाय. पुढे सगळे त्याला बालकवी म्हणतील. तुम्हाला मात्र खालच्या दाढेपलीकडे काही सुचत नाही.

रात्री आडवे झालात की ठणका वाढतो. कीड खोल गेलीय, जंतू नसेपर्यंत पोचलेत. नस सुजलीय आणि भोवती टणक दाढ. सुजेला फुगायला जागाच नाही.

"दाढ दुखी राह्यनी का रे भाऊ?" म्हातारी विचारते आणि लवंग हातावर ठेवते. सकाळी कुणी निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकून तोंडात धुरी देतं. लाळेत पांढरे कण पडतात. "हा बघा किडा!"

तो किडा नव्हे, पण हे इथं कुणाला सांगणार? दंतवैद्य मिलर यांनी बर्लिनमध्ये तोंडातल्या जंतूंचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक याच वर्षी निघालंय. धरणगावापर्यंत ते आलेलं नाही.

काही दिवसांनी दुखणं अचानक थांबतं. धुरीचा जयजयकार होतो. तुम्हाला मात्र घाम फुटतो: नस मेलीय. मेलेल्या नळीत रक्त फिरत नाही, म्हणून शरीराचे शिपाई आत पोचत नाहीत. हवेवाचून जगणारे जंतू तिथं निवांत वाढतात. त्यांचं विष मुळाच्या टोकातून झिरपतं आणि त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःचंच हाड विरघळवतं. मग हिरडीवर पुळी येते, पू वाहतो, पुन्हा बरं वाटतं. पू जिभेखाली, गळ्यात उतरला तर श्वास कोंडतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. क्ष-किरण सापडायला अजून पाच वर्षं आहेत, पेनिसिलिन तर फारच लांब. आज उपाय एकच: पक्कड. तुम्ही तोंड उघडता.

डोळे उघडता तेव्हा धरणगाव आजचं आहे, दाढ जागेवर आहे. मधल्या काळात, १९६५ मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या दाढा नसेपर्यंत उघड्या केल्या. साध्या उंदरांची नस सडली, गळवं झाली. जंतूमुक्त वाढवलेल्यांची नस जगली, जखमेवर नवं दंतद्रव्य धरलं. दोष जंतूंचाच, हे ठरलं.

एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो. गोळ्या घेऊन भागणार नाही. मेलेल्या नळीत रक्त जात नाही, तर औषध कसं जाणार? नळी साफ करून भरावी लागेल, म्हणजे रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढावी लागेल. ठणकून गप्प झालेली दाढ असेल तर आधी एक्स-रे काढा, मग लवंगेचे आभार माना.