स्टीम ह्युमिडिफायरचा डिस्प्ले कसा वाचायचा? बटणं, आकडे आणि दिवे सोप्या भाषेत

जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाला मामाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एका राखाडी पेटीचा फोटो, त्यावर छोटा स्क्रीन आणि पिवळा दिवा. खाली मेसेज : “अगं, हे जरा वाच. सकाळी साहेब विचारणार.”

मामा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका छपाई कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आठवडाभर तिथे कागदाच्या कडा वळत होत्या, शीट एकमेकांना चिकटत होत्या, रंग एकावर एक नीट बसत नव्हते. वाया गेलेल्या कागदाचं खापर मामावर फुटायच्या बेतात होतं. “मशीन तूच बघतोस ना?” एवढाच मुद्दा. मी बदलापूरला राहणारी सॉफ्टवेअरवाली, असलं मशीन कधी पाहिलेलंही नव्हतं. त्या रात्री मॅन्युअल उघडून बसले आणि जे समजलं ते इथे लिहितेय.

हे मशीन नेमकं करतं काय?

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, मग हवेत मुद्दाम वाफ कशाला सोडायची? कारण हिवाळ्यात जमिनीकडून कोरडा वारा येतो आणि एसी तर बाराही महिने हवेतलं पाणी काढून घेतो. हवा कोरडी झाली की कागद आकसतो आणि स्टॅटिक चार्ज तयार होतो. म्हणून छपाईच्या हॉलमध्ये साधारण ५० ते ५५ टक्के आर्द्रता राखतात. औषध कंपन्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतही आर्द्रता सांभाळावी लागते.

मामाचं मशीन इलेक्ट्रोड प्रकारचं आहे. प्लास्टिकच्या बंद सिलिंडरमध्ये पाणी असतं आणि त्यात धातूचे इलेक्ट्रोड बुडवलेले असतात. करंट थेट पाण्यातून जातो, पाणी तापतं, वाफ होते आणि ती पाइपने एसीच्या डक्टमध्ये जाते. पाणी जितकं वर चढेल तितका इलेक्ट्रोडचा जास्त भाग बुडतो, करंट वाढतो आणि वाफही वाढते. म्हणजे पाणी भरून आणि सोडून मशीन स्वतःचा वेग ठरवतं. एवढं डोक्यात बसलं की स्क्रीन वाचणं सोपं जातं.

बटणं किती?

फार नसतात. चालू-बंदचा मुख्य स्विच, मेनूमध्ये वर-खाली जायची बटणं, ‘ओके’ आणि मागे जायचं बटण. नव्या मॉडेलना टचस्क्रीन असतो. बऱ्याच मशीनवर हाताने पाणी सोडायची, म्हणजे ‘ड्रेन’ची सोय असते. सेटिंग बदलायला पासवर्ड लागतो आणि तो असलेलाच बरा.

स्क्रीनवरचे चार आकडे

१. सेटपॉइंट : आपल्याला हवी असलेली आर्द्रता. उदा. ५५ टक्के.

२. प्रत्यक्ष आर्द्रता : सेन्सरला आत्ता दिसते ती. हा आकडा तापमानाशी बांधलेला असतो. २४ अंशांना ५० टक्के असलेली हवा २८ अंशांपर्यंत तापली, तर तीच आर्द्रता साधारण ४० टक्के दिसते. पाणी तेवढंच, फक्त गरम हवेची पाणी धरायची क्षमता जास्त. म्हणून आधी एसीचं तापमान बघा, मग ह्युमिडिफायरला नावं ठेवा.

३. डिमांड : कंट्रोलर मशीनकडे किती वाफ मागतोय, ० ते १०० टक्क्यांत. बाहेरचा कंट्रोलर असेल तर ही मागणी बहुधा ०-१० व्होल्ट किंवा ४-२० मिलिअँपिअरच्या सिग्नलने येते.

४. आउटपुट : मशीन खरोखर किती वाफ देतंय. टक्के, तासाला किलो किंवा करंटचे अँपिअर अशा रूपात. एक किलो वाफेला साधारण पाऊण युनिट वीज लागते. म्हणजे तासाला १० किलो वाफ हवी असेल तर साडेसात किलोवॅटच्या आसपास लोड येणार.

खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात आहे. डिमांड आणि आउटपुट जवळपास असतील तर मशीन आपलं काम करतंय. डिमांड कमी असून हॉल कोरडा असेल तर सेन्सर किंवा सेटिंग तपासा. डिमांड १०० आणि आउटपुट बराच वेळ त्याच्या खूप खाली असेल तर अडचण मशीनमध्ये, पाण्यात किंवा विजेत आहे.

स्टेटसचे शब्द

- स्टँडबाय : मशीन ठीक आहे, पण वाफेची मागणी नाही. पावसाळ्यात दिवसेंदिवस हेच दिसेल. बिघाड समजू नका.
- फिल : सिलिंडरमध्ये पाणी भरतंय.
- ड्रेन : पाणी सोडतंय. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. ते साठू नयेत म्हणून मशीन अधूनमधून थोडं पाणी फेकतं. ही गळती नाही.
- सेफ्टी लूप उघडा : डक्टमध्ये हवा वाहत नाही किंवा आर्द्रता मर्यादेबाहेर गेली, म्हणून मशीनने स्वतःला थांबवलंय. वायर जोडून हा लूप कधीही बायपास करू नका. पंखा बंद असताना वाफ सुटली तर डक्टमध्ये पाणी साचतं.
- सिलिंडर फुल : पाणी वरपर्यंत आलं, तरी हवा तेवढा करंट मिळत नाही.

दिव्यांचे रंग

बहुतेक मशीनवर हिरवा म्हणजे काम चालू, पिवळा म्हणजे लक्ष द्या किंवा सर्व्हिस जवळ आली आणि लाल म्हणजे बिघाड. कंपनीनुसार फरक असतो, त्यामुळे पेटीच्या दारामागचा तक्ता बघाच.

मग मामाच्या मशीनला काय झालं होतं?

फोटोत सेटपॉइंट ७०, प्रत्यक्ष ३८, डिमांड १००, आउटपुट २२. स्टेटस : सिलिंडर फुल. सेटपॉइंट मुळात ५५ होता. वाफ वाढेल म्हणून मामाने तो ७० केला. पण डिमांड आधीच १०० असेल तर सेटपॉइंट वाढवून काही होत नाही. हॉटेलात ऑर्डर वाढवली म्हणून किचनमधला गॅस मोठा होत नाही, तसंच.

माझा पहिला सल्लाही चुकलाच. “मामा, रीस्टार्ट करून बघ.” केला. काही फरक नाही.

मग मी त्याला इव्हेंट लॉग उघडायला सांगितलं. मेनूमध्ये तारीख-वेळेसकट जुने मेसेज असतात. ‘सिलिंडर फुल’ पहिल्यांदा नऊ दिवसांपूर्वी आला होता. “त्याच्या आधी काय बदललं होतं?” मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “अगं, त्याच्या दोन दिवस आधी पाण्याची लाइन बदलली. क्षार नकोत म्हणून वरून आरओचं पाणी जोडून दिलं.”

तिथेच उत्तर होतं. करंट पाण्यातून वाहतो तो त्यातल्या क्षारांमुळे. आरओने क्षारच काढून टाकले. पहिले दोन दिवस सिलिंडरमधल्या जुन्या क्षारांवर काम निभावलं, मग प्रत्येक ड्रेनबरोबर तेही वाहून गेले. हीटर कॉइलच्या मशीनला आरओचं पाणी चालतं, इलेक्ट्रोडच्या मशीनला नाही.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी भरलं तर क्षार लवकर साठतात आणि सिलिंडर लवकर बदलावा लागतो. पाणी कुठून येतं ते बदललं की त्याची तारीख वहीत लिहा.

हात लावण्याआधी

- या पाण्यात थेट मेन्सची वीज असते, मोठ्या मशीनमध्ये तर थ्री-फेज. फक्त डिस्प्ले बंद करून भागत नाही. आधी पाणी ड्रेन करा, मग मुख्य स्विच आणि बाहेरचा आयसोलेटर बंद करा आणि सिलिंडर थंड होऊ द्या. उघडायचं काम प्रशिक्षित माणसाचंच.
- काही बदलण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा : चार आकडे, स्टेटस आणि लॉग.
- बिघाड रीसेट करत बसू नका. तोच मेसेज पुन्हा आला तर कारण अजून तिथेच आहे.

सकाळी मामाने साहेबांना लॉगचे फोटो दाखवले. दुपारपर्यंत साध्या पाण्याची लाइन परत जोडली आणि सेटपॉइंट ५५ वर आणला. आउटपुट लगेच चढलं नाही, क्षार जमायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी फोटो आला : प्रत्यक्ष ५४, हिरवा दिवा. कागदाचे पैसे मामाच्या पगारातून कापले गेले नाहीत. आता तो रोज शिफ्ट सुरू होताना स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवतो. तुमच्या घरचं कोणी अशा मशीनवर काम करत असेल तर त्यांनाही एवढं सांगा.