लेप द्यावा की पृष्ठभागच बदलावा? कक्षेतल्या पॉलिमरचा प्रश्न

पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर जी काही हवा उरते, तिच्यात सुट्या ऑक्सिजन अणूंचे प्राबल्य असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो आणि एवढ्या विरळ जागी त्या अणूंना पुन्हा जोडीदार सहसा भेटत नाही. यान सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने त्यांच्यावर जाऊन आदळते. प्रत्येक धडकेची ऊर्जा साडेचार ते पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. शिवाय ऑक्सिजनचा सुटा अणू मुळातच अतिक्रियाशील. त्यामुळे पॉलिमरमधला कार्बन वायुरूप ऑक्साइड होऊन निघून जातो.

सौरपट्ट्यांत आणि उष्णतारोधक आवरणांत वापरली जाणारी कॅप्टॉन ही पॉलिइमाइड फिल्म या झिजेचे प्रमाण-मापच ठरली आहे. दर चौरस सेंटिमीटरवर १०²¹ अणू आदळले की तिचा सुमारे ३० मायक्रोमीटरचा थर नाहीसा होतो. नेहमीच्या वापरातली एक फिल्म तर अवघी २५ मायक्रोमीटर जाड असते. एप्रिल १९८४ मध्ये कक्षेत सोडलेला एलडीईएफ हा नमुनेवाहक उपग्रह वर्षभरात परत यायचा होता, तो जानेवारी १९९०मध्ये परतला. या लांबलेल्या मुक्कामाने ही झीज फार स्पष्ट करून दाखवली.

यावरचा सरळ उपाय म्हणजे लेप. सिलिकॉनचा ऑक्साइड आधीच ऑक्सिजनने भरलेला असल्याने त्याला आणखी जाळता येत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या सौरपट्ट्यांमागच्या कॅप्टॉनवर असा सुमारे १३० नॅनोमीटरचा थर दिलेला आहे. पण फिल्म दुमडली, तापली, थंडावली की ठिसूळ लेपाला तडे जातात. धुळीच्या कणामुळे लेप देतानाच सूक्ष्म छिद्रे राहतात, ती वेगळीच. छिद्रातून शिरलेला अणू आत उड्या मारत खालचे पॉलिमर खातो. वरून रंग शाबूत आणि आत वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीसारखी ही गत. स्थानकाच्या पी-६ भागातल्या एका आवरणात कॅप्टॉनला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम दिले होते. आत शिरलेला ऑक्सिजन दोन थरांमध्ये अडकला आणि वर्षभरात मधले कॅप्टॉन जवळजवळ संपून धातूचे फाटके पापुद्रे तेवढे राहिले. दुहेरी संरक्षणच इथे सापळा ठरले.

वरून लेप न देता पृष्ठभागच बदलणारे आयनरोपण लेपाच्या या दुखण्याच्या मुळावर घाव घालते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम किंवा बोरॉनचे आयन काही दशसहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने पॉलिमरमध्ये घुसवले जातात. ते काही दशक नॅनोमीटर खोल रुततात. पुढे ऑक्सिजनच्या संपर्कात त्यांचाच काचेसारखा ऑक्साइड बनतो. झिजवणारा अणूच इथे संरक्षक थर घडवतो, हे मला या पद्धतीतले सर्वांत सुंदर तत्त्व वाटते. रोपित अणूंची दाटी खोलीनुसार हळूहळू कमी होत जाते. लेप आणि पॉलिमर यांच्यात असते तशी कापल्यासारखी सीमारेषा नसल्याने पापुद्रा सुटण्याचा धोका पुष्कळ घटतो. मात्र मात्रा अपुरी पडली तर ऑक्साइडचा थर अखंड होत नाही, आणि दरम्यान झीज चालूच राहते.

किंमतही मोजावी लागते. आयनांच्या माऱ्याने हायड्रोजन, नायट्रोजन बाहेर पडून पृष्ठभाग कार्बनमय आणि काळपट होतो. विद्युतवाहकता वाढते, स्थिर भार साठू नये म्हणून ती हवीच असते. पण काळवंडलेली फिल्म सूर्याची उष्णता जास्त शोषते, आणि उष्णतानियंत्रणासाठीच ती बसवलेली असेल तर हा दोष हलका नव्हे.

मग कमी ऊर्जेच्या प्लाझ्माचे काय? ऑक्सिजनचा प्लाझ्मा पृष्ठभाग स्वच्छ करतो, त्यावर ध्रुवीय गट बसवतो, लेपाची पकड सुधारतो. पण हा परिणाम नुसता उघडा ठेवला तर टिकत नाही: साखळ्या हळूहळू वळतात, ध्रुवीय गट आत दडतात. म्हणून माझ्या मते प्लाझ्मा-प्रक्रिया ही लेपाची पूर्वतयारी आहे, टिकाऊपणाचा उपाय नव्हे. मोठ्या, सपाट आवरणांना तिच्यासह लेपच परवडतो. आयनरोपण राखून ठेवावे ते वारंवार दुमडणाऱ्या, काळपटपणा चालू शकणाऱ्या छोट्या भागांसाठी.