बाजाराची राखण कोणी करावी?

ग्वाल्हेरचे लष्कर हे मुळात गाव नव्हे, तो एक मुक्काम आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. तंबूंच्या जागी हळूहळू वाडे उठले, वाड्यांच्या आश्रयाने गल्ल्या वसल्या आणि फौजेचे सामान्यनाम त्या शहराचे विशेषनाम होऊन बसले. तेथील वस्त्यांची नावे आजही त्या छावणीची आठवण देतात. कंपू आहे, शिंद्यांची छावणी आहे, सरदार घराण्यांची नावे मिरविणारे फालका बाजार आणि पाटणकर बाजार आहेत. त्यांतच एक खासगी बाजार आहे. राज्याच्या दौलतीहून निराळी, राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाची जी बाब, तिला मराठी दरबारांत खासगी म्हणत. त्या शब्दाची खूण या बाजाराच्या नावात टिकून राहिली आहे.

माझ्या आत्याचे सासर या खासगी बाजाराच्या परिसरातले. महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मराठी माणसाचे घर कसे असते, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. घरात मराठी, दारात दुसरी भाषा, आणि देव्हाऱ्यात दोन्हींची सरमिसळ. परंतु आजचा विषय भाषेचा नाही. बाजार आणि त्याची राखण हा आहे. या दिवाळीत आपण ज्या दुकानांतून खरेदी केली, तेथे मापाशी किंवा गल्ल्याशी उभ्या असलेल्या पोराचा हा विषय आहे.

छावणीतला बाजार ही मराठी राज्यातली एक विलक्षण संस्था होती. फौज कूच करी तेव्हा बिनीवाला पुढे जाऊन जागा पाही आणि झेंडे रोवी. कोणाचा बाजार कोठे लागायचा हे त्यावरून ठरे. १८०९ साली दौलतरावांच्या छावणीत इंग्रज रेसिडेंटबरोबर आलेला ब्राउटन नावाचा लष्करी अधिकारी होता. त्याने आपल्या भावाला लिहिलेली पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या पत्रांतून हा फिरता बाजार, रात्रीच्या भुरट्या चोऱ्या आणि थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसलेले शिपाई हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. हजारो हत्यारबंद, अर्धपोटी माणसांच्या मधोमध वाणी आपली गोणी सोडून बसत होता. तो बसू शकला याचे कारण उघड आहे. बाजार उठला तर फौज उपाशी मरेल हे सरदारांना ठाऊक होते. म्हणून बाजारावर कोतवाल असे, आणि दुकानदाराकडून जो कर घेतला जाई त्याची परतफेड रखवालीच्या रूपाने व्हावी अशी अपेक्षा असे.

परंतु याच दौलतरावांच्या नावावर दुसरेही एक प्रकरण आहे. ते पुण्याचे. दुसऱ्या बाजीरावाने पेशवाई मिळावी म्हणून शिंद्यांना मोठी रक्कम कबूल केली होती. ती देता येईना, तेव्हा पुण्यातल्या धनिकांकडून ती वसूल करण्याची मोकळीक १७९८ साली शिंद्यांच्या दिवाणाला, म्हणजे सर्जेराव घाटग्याला मिळाली. त्याच वर्षी घाटग्याची कन्या बायजाबाई दौलतरावांना दिली गेली. पुढे जे झाले ते मराठ्यांच्या इतिहासातले एक काळे पान आहे. सावकार, व्यापारी, नाना फडणिसांचे आप्तस्नेही यांना पकडून मारझोड करण्यात आली. गंगाधरपंत भानू यांना तापलेल्या तोफेला बांधले आणि त्यातच त्यांचा अंत झाला, असे ग्रँट डफ नमूद करतो. येथे लुटारू रानातून आला नव्हता. ज्याच्याकडे दाद मागायची तोच दारात उभा होता.

या दोन्ही प्रसंगांतला राजा एकच, आणि फौजही तीच. मग एका ठिकाणी बाजार सांभाळला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी लुटला गेला, असे का? मला वाटते, फरक जबाबदारीचा आहे. स्वतःच्या छावणीतला वाणी बुडाला तर त्याची झळ सरदाराला लागत होती. पुण्याचा सावकार बुडाला तर शिंद्यांचे काहीच जात नव्हते.

खेड्यांतून हीच जबाबदारी अधिक नेमकी बांधलेली होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराची रीत वर्णिली आहे. गावात चोरी झाली की रामोशाने किंवा भिल्लाने माग काढायचा. पावले शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविली, की जबाबदारी त्या गावावर जाई. माग निघाला नाही तर भरपाईचा बोजा रखवालदारावर आणि गावावर येई. ही पद्धत निर्दोष होती असे नव्हे. गरीब रामोशी भरपाई कोठून आणणार? पण तिच्यात एक शहाणपण होते. ज्याला राखणीचा हक्क आणि वतन मिळे, त्याच्याकडेच जाब मागितला जाई. इंग्रजी अमलात हे हक्क आखडले, तेव्हा राखणदारांतूनच बंडखोर उभे राहिले. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली, ती कथा सर्वांना माहीत आहे.

दुकानावरच्या हल्ल्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला प्रसंग १८७५ चा. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी गुजर सावकारांची घरे व दुकाने लुटली आणि वह्या व कर्जरोखे जाळले. लोण पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. साडेनऊशेच्या आसपास माणसे धरली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला होता, सरकारने सारा वाढविला होता, आणि सावकाराची पत आटून कोर्टाचे हुकूमनामे सुरू झाले होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की जेथे सावकाराने मुकाट्याने रोखे हवाली केले तेथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही. राग माणसावर नव्हता, कागदावर होता. सरकारनेही चौकशी नेमली, आणि १८७९ च्या कायद्याने कर्जरोख्याच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. म्हणजे दंगेखोरांना शिक्षा झाली, तसा दंग्याच्या कारणालाही हात घातला गेला.

आता आजच्या दुकानाकडे वळू. जुन्या पेठेत चोरी करणे सोपे नव्हते. धनी गादीवर, माल त्याच्या पाठीशी आणि गिऱ्हाईक पायरीखाली, अशी मांडणीच होती. ही मांडणी १९१६ साली उलटली. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी पिगली विगली नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन त्याला फडताळांमधून मोकळे सोडले. नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला. पण पाठराखण गेली. माझा आतेभाऊ मला म्हणाला, "दादा, पूर्वी गिऱ्हाईक माल मागायचं. आता माल गिऱ्हाइकाला खुणावतो, आणि तो उचलला की दोष आमच्या पोराचा!"

त्याचे बोलणे हवेतले नव्हते. त्याचा मुलगा एका मोठ्या दुकानात कामाला आहे. बाहेर पडणाऱ्या एका इसमाला त्याने पिशवी दाखविण्याची विनंती केली, तेव्हा त्या इसमाने त्याच्या तोंडात मारली. पोलिसांत जाऊ नकोस, दुकानाचे नाव खराब होते, असे वरिष्ठांनी सांगितले. महिनाअखेर मोजदादीत माल कमी भरला, तेव्हा ती तूट मात्र सर्व पोरांच्या पगारातून वळती झाली. आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली मुलेमुलीही अशा दुकानांतून उभी असतात. आठ-दहा तास उभे राहायचे, हसतमुख राहायचे, चोर दिसला तर धरायचे, धरला तर मार खायचा आणि सुटला तर भरपाई द्यायची. एल्फिन्स्टनच्या काळच्या रामोशाला निदान वतन तरी होते.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२४ या वर्षात पोलिसांनी नोंदविलेल्या दुकानचोऱ्या ५ लाख १६ हजारांवर गेल्या. किरकोळ व्यापाऱ्यांच्या तेथील संघाने २०२३-२४ मध्ये दुकानातल्या कामगारांवरील हिंसा व शिवीगाळीचे प्रकार दिवसाला २००० हून अधिक होत असल्याचे सांगितले. त्याच देशात १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांची वस्तू गुपचूप उचलणाऱ्याला फाशी ठेवली होती. परिणाम काय झाला? पंचांना दया येई, आणि ते मालाची किंमत मुद्दाम चार शिलिंग दहा पेन्स ठरवीत. सर सॅम्युएल रोमिली यांनी १८१० मध्ये ही फाशी काढून टाकण्याचे विधेयक आणले, ते उमरावांच्या सभेने फेटाळले. पुढे ती शिक्षा गेलीच. शिक्षा इतकी कठोर, की ती द्यायलाच कोणी धजेना, असा हा अनुभव. याउलट स्कॉटलंडने २०२१ साली दुकानातल्या कामगारावर हल्ला करणे किंवा त्याला धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. तेथे कायद्याचे लक्ष मालावरून माणसाकडे वळले.

आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी, पहिलाच अपराध, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर समाजसेवेची शिक्षा तीत सांगितली आहे. भुकेपोटी किंवा पोरवयात हात लांबविणाऱ्याला तुरुंगात कुजविण्यापेक्षा हे बरे, असे माझ्यातला शिक्षक म्हणतो. पण त्याच न्यायाने मार खाणाऱ्या पोराचाही विचार व्हावा. पगारकपातीचे म्हणाल, तर १९३६ च्या वेतनविषयक कायद्यापासून एक अट चालत आली आहे. माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेला हवा, तूट थेट त्याच्याच हयगयीने आलेली हवी, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळायला हवी. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. साऱ्या दालनाची तूट साऱ्या पोरांवर वाटून टाकणे यात बसत नाही. हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींचे अधिकार शिकविताना पाच मिनिटे याला द्यायला हरकत नसावी.

इतिहासाने बाजाराच्या राखणीचे तीन धडे दिले आहेत असे मी मानतो. छावणीचा धडा असा, की ज्याला बाजारापासून लाभ आहे त्याने राखणीचा खर्च सोसावा. सुप्याचा धडा असा, की दुकानावर दगड पडतात तेव्हा दगड मारणाऱ्याला पकडावे, पण दगड का पडला याचीही चौकशी करावी. आणि पुण्याचा धडा सर्वांत कडू आहे. जाब विचारण्याची सोय जेथे उरत नाही, तेथे राखणदार आणि लुटारू यांच्यात फरक राहत नाही. चोराने माल नेला तर नुकसान एका दिवसाचे. पण धन्याने ते नुकसान निर्दोष नोकराच्या पगारातून भरून काढले, तर तीही लूटच होय, मग ती हिशेबाच्या वहीत कितीही सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असो.

गल्ल्यापाशी उभा असलेला पोरगा ना सरदार आहे, ना कोतवाल. त्याच्यापाशी तलवार नाही, वतन नाही, आणि बहुधा उद्याच्या नोकरीची हमीही नाही. त्याच्याकडून प्रामाणिकपणा मागण्याचा हक्क आपल्याला आहे. शौर्य मागण्याचा नाही.