खडकाळ मार्गावरील ऑफ-रोडिंग

खडकाळ मार्गावरील ऑफ-रोडिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून दगडधोंडे, कातळाचे टप्पे व तीव्र चढउतार असलेल्या वाटेवरून फोर-व्हील ड्राइव्ह वाहन चालविणे. यात वेगाला महत्त्व नसते. चाकांची पकड टिकविणे आणि वाहनाचा तळ खडकावर आदळू न देणे, ही चालकाची मुख्य उद्दिष्टे असतात. अतिमंद गतीने मोठे खडक ओलांडण्याच्या प्रकारास रॉक क्रॉलिंग म्हणतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेली विलिस जीप ही या वाहनांची पूर्वज मानली जाते. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. त्याच परंपरेतील थार हे वाहन २०१० मध्ये आले. त्याची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात निघोजे येथे महिंद्राचा चाकण प्रकल्प आहे. आकुर्डी येथे मुख्यालय असलेली फोर्स मोटर्स ही कंपनी गुरखा हे वाहन बनविते. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड चालनाचे प्रशिक्षण केंद्र उभारले.

यंत्रणा

ट्रान्स्फर केस या पेटीतून इंजिनाची शक्ती पुढील व मागील अशा दोन्ही आसांकडे जाते. तिच्यातील 'लो' गिअरमुळे गती घटते व चाकांवरील पीळ वाढतो. दुसऱ्या आवृत्तीच्या थारमध्ये हे प्रमाण सुमारे २.५ पट आहे. निघोजे येथे तयार झालेल्या एक्सयूव्ही५०० सारख्या ऑल-व्हील ड्राइव्ह वाहनात चारही चाकांना शक्ती मिळत असली, तरी असा लो गिअर नसतो. त्यामुळे ते वाहन निसरड्या रस्त्यास उपयुक्त ठरते, पण मोठ्या खडकांसाठी अपुरे पडते.

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत उचलले गेले की तेच गरगर फिरते व जमिनीवरील चाकास पुरेसा जोर मिळत नाही. डिफरन्शियल लॉक लावल्यास दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. गुरखामध्ये पुढे व मागे असे दोन्ही लॉक असतात. दुसऱ्या आवृत्तीच्या थारचा पुढील चढकोन ४१.८ अंश, तर मागील ३६.८ अंश आहे. याहून उभ्या पायरीवर बंपर आधी टेकतो.

चालनपद्धती

अवघड टप्पा आधी पायी उतरून पाहावा. खडक दोन्ही चाकांच्या मधून जाऊ देण्याऐवजी चाक त्यावर चढवावे, म्हणजे डिफरन्शियलचा गोळा वाचतो. बाहेर उभ्या असलेल्या एकाच मार्गदर्शकाच्या खुणा पाळाव्यात. स्टीअरिंगच्या आत अंगठे गुंतवू नयेत. खडकाच्या धक्क्याने चाक फिरल्यास बोटाला इजा होते. टायरमधील हवा काहीशी कमी केल्यास पकड वाढते, परंतु रस्त्यावर परतताच ती पूर्ववत भरावी लागते.

उतारावर लो व पहिला गिअर ठेवून इंजिनाच्या रोधाने उतरावे. क्लच दाबू नये. चढण अर्ध्यावर चुकल्यास वाहन आडवे वळवू नये, कारण ते उलटू शकते. रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे यावे. पार्ट-टाइम प्रकारची फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू ठेवल्यास यंत्रणेवर ताण येतो. अडकलेले वाहन ओढताना दोर तुटण्याचा संभव असल्याने कोणीही त्याच्या रेषेत उभे राहू नये.

सह्याद्रीतील परिस्थिती व मर्यादा

सह्याद्रीतील वाटा प्रामुख्याने बेसाल्टच्या आहेत. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते व उन्हाळ्यात सुकर वाटणारा टप्पा धोकादायक होतो. ओढ्याची खोली व वेगही पाण्यात शिरण्यापूर्वी तपासावा लागतो.

सड्यांवरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो. त्यावर टायरची चाकोरी पडली की पाणी तिच्यातून वाहते, माती धुपते आणि पावसाळी वनस्पतींचे अधिवास नष्ट होतात. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसास्थळांत झाला. अभयारण्यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीविना प्रवेश करता येत नाही. म्हणून हा छंद रूढ वाटा, खाजगी जागा व प्रशिक्षण केंद्रे यांपुरता ठेवणे आवश्यक ठरते.